रुमालाबाहेर

वर्गानं टाळ्या वाजवल्या आणि नेमक्या त्याच वेळी गुरुपादप्पाच्या पोटात कुणीतरी तुरीचं भरलं पोतं धाडकन उतरवलं. टाळ्या त्याच्यासाठी नव्हत्या. त्या त्याच्या पोरीसाठी, रुद्राणीसाठी होत्या. तिनं तीन वाक्यं इंग्रजीत, न अडखळता म्हणून दाखवली होती. डी. के. सरांनी खडूचा हात पँटीला पुसला, "व्हेरी गुड! एकदम करेक्ट!" असा पुकारा केला, आणि पुढच्या बाकावरचा कलेक्टर कचेरीतला नवा कारकून मान वळवून कौतुकानं बघू लागला. वाक्यं बरोबर होतीच. पण ती सरावाची नव्हती, खरी होती, हे त्या पत्र्याच्या खोलीत दोघांनाच ठाऊक होतं. एक ती, बोलणारी. दुसरा तिच्या शेजारी, बाकात गुडघे मावत नाहीत म्हणून तिरका बसलेला तिचा बाप. लातूरच्या बाजारातला जुना आडत्या तो. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण माणसाच्या तोंडून निघालेला खरा भाव कुठला आणि खोटा कुठला हे त्याला झोपेतसुद्धा कळायचं.

तो तिथं शिकायला आलाच नव्हता, हे आधी सांगून टाकलेलं बरं. तो राखणीला आला होता. जिल्हा नवा झाला त्या सुमाराची गोष्ट. लातूरकरांनी फटाके फोडले, पेढे वाटले. उस्मानाबादेहून फायली आल्या, खुर्च्या आल्या, खुर्च्यांवर बसणारे आले, पाणी तेवढं यायचं राहिलं. पावसानं असा रुसवा धरला होता की गोलाईच्या बाजारातले कावळे म्हणे बदली मागायला उदगीरला गेले, आणि तिथंही जागा रिकामी नाही म्हणून तोंड वासून परत आले. सरडे दुपारचा रस्ता ओलांडताना दोन-दोन पाय आळीपाळीनं वर धरत, हे तर गुरुपादप्पानं डोळ्यांनी पाहिलं होतं. निदान तो तसं सांगे. अशा त्या साली गोलाईत एका बांगड्यांच्या दुकानावर इंग्रजी बोलायचा वर्ग निघाला. नव्या कचेऱ्या आल्या म्हणजे नव्या नोकऱ्या येणार, आणि नोकरीला इंग्रजीशिवाय दार दिसत नाही, असं साऱ्या गावानं ठरवून टाकलेलं. डी. के. सर नांदेडच्या एका कॉलेजात शिकवत आणि शनिवारी यष्टीनं लातूरला येत. त्यांचं मूळ नाव दगडोबा. पण ते त्यांनी नायगावच्या वेशीबाहेर एका पिंपळाखाली सोडून दिलेलं. रुद्राणीनं वर्गाचं नाव काढलं तेव्हा गुरुपादप्पा म्हणाला होता, जा, पण मी संगं येणार. टाय लावलेल्या पोरांच्या वर्गात लेक एकटी कशी धाडायची? मग तो मागच्या बाकावर मिटलेल्या छत्रीसारखा बसू लागला. आणि आज सरांनी त्याला पकडलं. "काका, काय करून राहिले तुम्ही तिथं? झोपून राहिले का? इथं जो बसला त्यानं बोललंच पाहिजे. फी नको तुमची. पण तोंड उघडा." रुद्राणीलाच जोडीदार कमी पडत होता, म्हणून त्याला उठवून पोरीच्याच जोडीला बसवलं.

धडा कामाचा आणि नोकरीचा होता. सरांनी फळ्यावर प्रश्न लिहिले, खाली मराठीत अर्थ लिहिला, आणि इंग्रजी अक्षर ज्यांना लागत नाही अशांसाठी, म्हणजे एकट्या गुरुपादप्पासाठी, बाजूला देवनागरीत उच्चारही लिहिला. व्हॉट डू यू डू, म्हणजे तुम्ही काय काम करता. आणि व्हॉट डू यू वॉन्ट टु डू, म्हणजे पुढं काय करायची इच्छा आहे. जोडीनं एकमेकांना विचारायचं. कारकून "आय अॅम अ क्लार्क" म्हणून एका उडीत पार झाला. औषधांच्या पेटीवाला पोरगा आपल्या कामाचं लांबलचक नाव घेता घेता घामानं भिजला, पण म्हणाला. मग रुद्राणी बापाकडं वळली, आणि डोळ्यांत थोडं हसू ठेवून तिनं विचारलं, "व्हॉट डू यू डू?" इंग्रजीचं सोडा, गुरुपादप्पाला उत्तर मराठीतही सापडेना. सर म्हणाले, "बिझनेसमन म्हणा. नाही जमत तर ब्रोकर म्हणा. काका, हलक्या भावातलं काहीही म्हणा, पण म्हणा की!" वर्ग हसला. गुरुपादप्पाही हसला, पण त्याचे हात मात्र बाकाखाली एकमेकांना चाचपत राहिले.

कारण त्याचं काम बोलायचं नव्हतंच कधी. त्याचं काम न बोलायचं होतं. शेतकरी माल घेऊन येई, गुरुपादप्पाच्या दुकानापुढं पोती उतरत, खरेदीदार मूठभर दाणे तळहातावर फिरवून बघे, आणि मग दोघं समोरासमोर बसून हातांवर एक रुमाल टाकत. रुमालाखाली बोटं बोलत. एक बोट धरलं तर एक, पंजा धरला तर पाच. वर तोंडानं मात्र घरच्या म्हातारीचा खोकला, स्वामींचा मुक्काम, असल्या गप्पा. बाजूला उभ्या माणसाला वाटावं, हे दोघे पाहुणे बसलेत. शेवटी एक जण दुसऱ्याचा पंजा घट्ट दाबी, की भाव ठरला. मग आभाळ कोसळलं तरी तो मोडत नसे, आणि काटा होईपर्यंत तो कुणी तोंडानं सांगतही नसे. याला हत्ता म्हणत. या हत्त्यात गुरुपादप्पानं किती हात धरले! दमेकऱ्यांचे गरम हात, लबाडांचे कोरडे हात, एका निलंग्याच्या व्यापाऱ्याचा तर असा थंड हात की उन्हाळ्यात लोक त्याच्याशी मुद्दाम घासाघीस लांबवत. मग नवा हुकूम आला, हत्ता बंद, भाव उघड्यावर ओरडून. एक पोरगेला कारकून पोत्यावर चढून भाव पुकारू लागला आणि गुरुपादप्पाला भर बाजारात कुणी धोतर फेडल्यासारखं झालं. मग दुष्काळानं पुकारायचंही काम ठेवलं नाही. माल येईना. दुपारभर तो दुकानात गादीवर बसून काट्यावरची चिमणी हाकी, आणि चिमणी उडून गेली की तिची वाट बघे. आता याला काय म्हणायचं, ब्रोकर?

"बरं, आता तुम्ही विचारा तिला," सर म्हणाले. त्यानं फळ्यावरचं एकेक अक्षर बोट ठेवल्यासारखं वाचलं, "व्हॉट. डू. यू. वॉन्ट. टु. डू." रुद्राणीचं हसू मिटलं. तिनं खिडकीबाहेर पाहिलं, मग आपल्या पायांकडं, मग थेट त्याच्याकडं. "आय हॅव अ जॉब इन नांदेड. आय वॉन्ट टु गो. आय डू नॉट वॉन्ट टु मॅरी नाऊ." हळू म्हणाली. एकेक शब्द त्याच्या तळहातावर ठेवावा तशी. जॉब त्याला कळलं, नांदेड कळलं, आणि शेवटल्या वाक्यातलं लग्नही कळलं, कारण तासाभरापूर्वीच सरांनी 'आर यू मॅरीड' असं विचारून विचारून कारकुनाला लाजून गुलाबी केलं होतं. पण शब्द न कळते तरी चाललं असतं. तिच्या आवाजाचा दाब त्याला कळला. नेमका असाच दाब रुमालाखाली यायचा, माणूस शेवटच्या भावावर यायचा तेव्हा. आणि त्याच्या मनात आलं, ही पोर भर वर्गात, वीस माणसांपुढं, रुमाल टाकून बोलतीय. वर सगळ्यांना सराव दिसतोय. खाली तिनं माझं बोट धरलंय.

आणि तेव्हाच टाळ्या वाजल्या.

घरी जाताना ती दोन पावलं मागं चालत होती. गोलाईतून बाहेर पडताना रस्त्यावर टँकरची वाट बघणाऱ्या घागरींची रांग लागलेली; माणसं सावलीला, घागरी उन्हात, आणि कुणाची घागर कुठली यावरून एक भांडण हळूहळू तापत असलेलं. गुरुपादप्पाला ते ऐकू येत होतं आणि येत नव्हतं. त्याला आठवत होतं, ही चार वर्षांची असताना याच रस्त्यानं त्याचं एक बोट धरून चालायची. पंजा दिला तर घ्यायची नाही. एकच बोट, करंगळीशेजारचं. बाजारातले लोक हसत, गुरुपाद, तुझी पोर एकाच्या वर चढत न्हाई की रे! तोही हसे आणि ते बोट तिच्या मुठीत राहू देई, बोटाला घाम सुटे, मुंग्या येत, पण काढून घ्यायचं धाडस होत नसे. केव्हा सोडलं तिनं ते? तसा काही दिवस आठवत नाही. बोटावरचा दाब कमी कमी होत गेला असेल आणि आपण भावाच्या गडबडीत असू.

"अप्पा," मागून ती म्हणाली. "सर म्हणले, वाक्य बरोबर हाय."

"वाक्य बरोबर हाय. मी ऐकलंय. खरं हाय का तेवढं सांग."

"सरावापुरतं खोटं बोलायचं असतंय का?" मग ती त्याच्या बरोबरीला आली. "माहूरला गेलते न्हवं मावशीसंगं, देवीला? येताना नांदेडात उतरलो. टेलिफोनच्या हापिसात मुलाखत होती. ट्रंक कॉल जोडायचं काम. मला घेतलंय त्यांनी. परवा सोमवारी हजर व्हायचंय. मावशीच्या घरी ऱ्हाईन."

"तुझ्या अव्वाला ठाव हाय?"

"अव्वानंच मावशीला कळवलं होतं."

"म्हंजे घरात मी एकटाच बिनइंग्रजीचा," गुरुपादप्पा म्हणाला. तिला हसू आलं, पण तिनं ते ओठांतच धरलं. तिला वाटत होतं, बापाचा होकार तेवढा राहिलाय. त्यापलीकडचं तिला माहीत नव्हतं. ते घरात कुणालाच माहीत नव्हतं, त्याच्या बायकोला, गुरम्मालाही नाही. उदगीरच्या महादेवप्पाशी त्यानं तिचं लग्न ठरवून टाकलं होतं, आणि तेही हत्त्यात.

गेल्या दसऱ्यानंतर तो करडईच्या बोलणीसाठी उदगीरला गेला होता. करडई नव्हतीच कुणाच्या रानात, पण सवय. महादेवप्पाची तेलाची गिरणी, तीस वर्षांची दोस्ती, दोघांच्या जवानीत एकमेकांना घातलेल्या टोप्या आता दोघंही प्रेमानं आठवायचे. जेवणं झाली, पान झालं. महादेवप्पानं एकदम खांद्यावरचं उपरणं काढून दोघांच्या मध्ये टाकलं आणि म्हणाला, "गुरुपाद, हात घाल." "कशाचा सौदा?" "तुझी रुद्राणी. माझा भीमाशंकर. बोल." गुरुपादप्पानं हात घातला. त्याला वाटलं, आता बोटं येतील; हुंडा, सोनं, मानपान, काही ना काही आकडा येईल. महादेवप्पानं आपली मूठ वळून त्याच्या तळहातावर ठेवली. एकही बोट मोकळं नाही. म्हणजे काही नको. उभ्या आयुष्यात रुमालाखाली त्यानं शून्य पाहिलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले, आणि त्या भरल्या डोळ्यांनी त्यानं मित्राचा हात दाबला. दाबला म्हणजे दाबला. नियमाप्रमाणं त्यानं कुणाला सांगितलं नाही. कुठून दोन पैसे आले, की अक्षय तृतीयेला एकदम घरात बॉम्ब फोडू, असा त्याचा बेत. सहा महिने तो एकटा असताना कधीकधी आपला उजवा पंजा उघडून बघायचा आणि गालात हसायचा. गुरम्मा म्हणायची, हाताला मुंग्या येतात का वो? वैद्याकडं जावा.

आता त्याच पंजाला तो रस्त्यातून चालता चालता वेगळ्या नजरेनं बघत होता. आडतीचा एक कायदा होता, कुठं लिहिलेला नाही, पण त्याच्या बापानं त्याला काट्याच्या आधी शिकवलेला. हात दाबायच्या आधी मालकाकडं बघायचं. शेतकरी बिचारा पोत्याला टेकून लांब उभा असायचा, त्याला रुमालाखालचं काही दिसत नसे. आडत्यानं उठून त्याच्यापाशी जायचं, कानात भाव सांगायचा, त्याची मान हलली तरच परत येऊन हात दाबायचा. गुरुपादप्पानं हा कायदा कधी मोडला नव्हता. एकदा खरेदीदार घाईत, शेतकरी लघवीला गेलेला. गुरुपादप्पा तसाच खरेदीदाराचा हात रुमालाखाली धरून बसून राहिला, खरेदीदाराची यष्टी निघून गेली तरी. असा माणूस. आणि त्या दिवशी उदगीरला त्याच्या मनात एवढंसुद्धा आलं नाही की पोत्याला टेकून कुणी उभं आहे. हे त्याला आता, घागरींच्या रांगेपाशी उमगलं आणि तो थांबलाच. रुद्राणी चार पावलं पुढं गेली, वळली. "काय झालं, अप्पा?" "काय न्हाई. चप्पल." त्यानं वाकून चप्पल नीट केली. ती नीटच होती.

घरी गुरम्मानं दोघांच्या तोंडाकडं पाहिलं आणि भाकरी थापता थापता विचारलं, "इंग्रजी शिकून आलाव का इंग्रजीत मार खाऊन?" तो जेवला, अंगणात खाट टाकली. सोपी वाट होती. काहीच न बोलता सोमवार जाऊ द्यायचा. पोर गप बसली असती, शिकवलेलंच तसं. भीमाशंकर वाईट नव्हता, कमी बोलायचा, हसताना तोंडावर हात धरायचा. आणि सौदा मोडायचा तर पणाला काय होतं? गुरुपादप्पाचा पंजा. त्याच्याजवळ आता माल नव्हता, गिऱ्हाईक नव्हतं, हत्ताही नव्हता. होतं ते एवढंच, की निलंग्यापासून उदगीरपर्यंत कुणीही म्हणावं, गुरुपादप्पानं हात दाबला म्हणजे दाबला. तेही गेलं तर सकाळी उठून गादीवर बसायला तरी तोंड राहील का? घरातून रुद्राणीचा आवाज येत होता. ती आईला इंग्रजी शिकवत होती. "म्हण अव्वा, हॅलो, नांदेड एक्सचेंज." गुरम्मा म्हणाली, "म्हणते की, पण मला कोण फोन करणाराय?" "मी करीन की." गुरुपादप्पा कुशीवर वळला.

रविवारी सकाळी तो पहिल्या गाडीनं उदगीरला निघाला. दोन्ही बाजूंना रानं उघडी, नांगरलेलीही नाहीत. खडी फोडणाऱ्या बायांच्या रांगा रस्त्याच्या कडेला, डोक्यावर पदर, पदरावर धूळ. वाटेत त्यानं काय बोलायचं ते जुळवून पाहिलं. मराठीत जुळवलं की ते लांबत जाई, त्याला माफी लागे, माफीला कारण लागे, कारणाला आणखी कुणाचं तरी नाव. मग त्याला वाटलं, काल पोरीनं कसं केलं? तीन वाक्यं. आपल्यालाही तीनच घ्यायची. ती तो मनात घोळवत राहिला, वर्गातल्या त्या घामट पोरासारखा.

गिरणी बंद होती, पण ओसरीवर माणसं होती. दोन हमाल, शेजारचा सोनार, कुणी पाहुणा. महादेवप्पा बाजेवरून उठला. "बा, बा, ये गुरुपाद! येनप्पा, काय सकाळीच?" आणि आत बायकोला हाक, "शिवम्मा, चहा टाक गं, लातूर जिल्ह्याचं सरकार आलंय!" आणि मित्राचा चेहरा पाहून त्याचा आवाज खाली आला. दोघं बसले. थोडा वेळ पावसाचं झालं. मग महादेवप्पानं काही न विचारता खांद्यावरचं उपरणं काढलं आणि दोघांच्या गुडघ्यांवर टाकलं. हलक्या आवाजात म्हणाला, "जे असंल ते हितं खाली सांग. वर कुणाला कळायचं न्हाई. तुझं नाव ऱ्हाईल."

गुरुपादप्पाला वाटलं, या माणसाच्या पायावर डोकं ठेवावं. हे दार त्यानं वाटेत हिशेबात धरलंच नव्हतं. हात घातला, बोटं सोडवून घेतली, की झालं. महादेवप्पा मरेपर्यंत बोलला नसता. त्याचा हात निघालासुद्धा. उपरण्याच्या काठापाशी गेला आणि तिथंच थांबला. त्याला रुद्राणीचे डोळे दिसले, खिडकीकडून पायांकडं आणि पायांकडून थेट त्याच्याकडं आलेले. तिलाही रुमाल लागला होता, पण तो तिनं लाचारीनं घेतलेला. बापापुढं उघड बोलायची सोय त्यानंच ठेवली नव्हती. त्यानं उपरणं उचललं, घडी घातली आणि मित्राच्या मांडीवर ठेवलं.

"महादेवप्पा," तो म्हणाला, आणि आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. हमालांनी बिड्या थांबवल्या. "रुद्राणीला नांदेडात नोकरी लागलीय. तिला जायचंय, आन आत्ता लग्न करायचं न्हाई. तुला दिलेला हात मी मोडतोय."

सोनारानं घसा खाकरला आणि तोही अर्ध्यात सोडला. महादेवप्पाचं तोंड लाल झालं, मग उतरत गेलं. "कुणी फितवलं? दुसरीकडून आलंय का काही?"

"न्हाई. दाबायच्या आधी मालकाला इचारलं न्हवतं."

"तू?" महादेवप्पा त्याच्याकडं बघतच राहिला. रागापेक्षा त्याला नवल जास्त वाटत होतं. "लघवीला गेलेल्या माणसासाठी गिऱ्हाइकाची यष्टी चुकवणारा तू? पोरीला इचारलं न्हवतंस?"

"न्हाई."

"आन हे आता चार माणसांत सांगायला आलास."

"तिनं वीस माणसांत सांगितलं. मला चार तरी पायजेत."

महादेवप्पा उठला, ओसरीच्या टोकापर्यंत गेला, बंद गिरणीच्या दाराकडं बघत उभा राहिला. त्याची पाठ बोलत होती आणि गुरुपादप्पाला ती सगळी कळत होती. मग तो न वळताच म्हणाला, "संध्याकाळपर्यंत बाजारात बोंब होईल. सोनार बसलाय म्हंजे दुपारीच होईल." सोनार म्हणाला, "अहो मी कशाला—" "गप रे. गुरुपाद, आता तुझा हात कुणी धरायचं न्हाई. मीबी धरायचो न्हाई. सौद्यात तुझं माझं संपलं."

"हाव," गुरुपादप्पा म्हणाला. तो उठला, टोपी घातली. पायऱ्या उतरायला लागला तर पाय हलके लागत होते आणि बाकी सगळं अंग जड. पाठीमागून आवाज आला.

"कुठं निघालास?"

"गाडी हाय."

"जेवण काय सौद्यात येतंय?" महादेवप्पा आतल्या दाराकडं ओरडला, "शिवम्मा, चहा ऱ्हाऊ दे. दोन ताटं कर." आणि स्वतःच कोपऱ्यातल्या रांजणाशी जाऊन त्यानं तांब्या बुडवला. रांजणात तांब्या खाली आपटल्याचा आवाज झाला. पाणी तळाला होतं. तो तांब्या घेऊन मोरीपाशी आला, वाकला. "ये. धर हात."

गुरुपादप्पानं दोन्ही हात पुढं केले. पाणी पडलं, तळव्यांवरून मनगटांवर, बोटांमधून खाली. त्या साली लोक बोटांची टोकं ओली करत आणि हात धुतले म्हणत. म्हणून त्यानंही एवढ्यावरच हात मागं घेतले. महादेवप्पानं तांब्या सरळ केला नाही.

"धर की," तो म्हणाला. "आजून हाय."